हिलेलना राग आणून दाखवा!

पैज चारशे झूझांची होती. लावणारे दोघे. हिलेलना जो चिडवून दाखवेल त्याने पैसे खिशात घालायचे, जमले नाही तर मोजून द्यायचे.

झूझ म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. दोनशे झूझ ज्याच्या गाठीला असतील त्याने शेतात गरिबांसाठी सोडलेल्या धान्याला हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता. कुमारिकेच्या लग्नकरारात नवऱ्याने लिहून द्यायची रक्कमही दोनशेच. म्हणजे ही पैज दोन संसारांच्या किमतीची झाली.

गड्याने वेळही अचूक निवडली. शुक्रवारची दुपार. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, मग ना चूल पेटवायची ना पाणी तापवायचे, त्यामुळे यहुदी घरात शुक्रवारी दुपारी जी धांदल असते ती आपल्या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळसारखी. हिलेल डोके धूत होते. बाहेरून हा ओरडला, ‘हिलेल कोण आहे इथं?’ ना पदवी, ना मान. वस्त्र गुंडाळून हिलेल बाहेर आले आणि काय हवे आहे बाळा, असे विचारू लागले. प्रश्न आला: बाबिलोनी लोकांची डोकी अशी बेढब गोल का असतात? हिलेल म्हणाले, प्रश्न मोठा आहे. तिथे हुशार सुइणी नाहीत म्हणून. गडी गेला आणि थोड्या वेळाने परत आला. पाल्मिराच्या लोकांचे डोळे चिपडलेले का? ते वाळूत राहतात म्हणून. पुन्हा गेला, पुन्हा आला. आफ्रिकी लोकांचे पाय रुंद का? ते दलदलीत राहतात म्हणून.

यात एक मेख आहे. हिलेल स्वतः बाबिलोनचे. पहिला प्रश्न त्यांच्याच जन्मभूमीच्या डोक्यावर होता आणि ते डोके त्या क्षणी ओले होते!

शेवटी गडी म्हणाला, अजून खूप प्रश्न आहेत, पण तुम्ही रागवाल. हिलेल वस्त्र सावरून समोर बसले: सगळे विचार. तेव्हा त्याचा बांध फुटला. तुमच्यासारखे आणखी कोणी निपजू नयेत, तुमच्यापायी माझे चारशे झूझ बुडाले! हिलेलनी समजावले की चारशे काय, वर आणखी चारशे गेले तरी चालतील, पण हिलेल रागावणार नाही.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या यरुशलेममधल्या या माणसाची ओळख करून द्यायला मला याहून चांगली गोष्ट सापडत नाही. लाजणाऱ्याला विद्या येत नाही आणि चिडणाऱ्याने शिकवायला बसू नये, असे त्यांचे मत होते. त्या ओल्या डोक्याच्या दुपारी ते स्वतःच्याच मताची परीक्षा देत होते.

नावगाव, काळवेळ

हिलेल हे नाव ज्या हिब्रू धातूपासून आले त्याचा अर्थ स्तुती करणे. ‘हालेलुया’ त्याच धातूचे भावंड. काळ राजा हेरोदचा, म्हणजे इसवी सनाच्या सुरुवातीच्या आगेमागे. जन्म बाबिलोनमध्ये, कर्मभूमी यरुशलेम. परंपरा त्यांचे मूळ दाविद राजाच्या घराण्याशी जोडते आणि त्यांना मोशेइतकेच, १२० वर्षांचे आयुष्य देते. स्वतः लिहिलेली एक ओळही मागे ठेवली नाही. त्यांची मते आणि गोष्टी शिष्यांच्या तोंडी राहिल्या. सुमारे इ.स. २०० मध्ये यहुदा हानासी यांनी मिश्ना हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच मतांची लेखी नोंद झाली. हे यहुदा हिलेलच्याच वंशातले. बाकीच्या बऱ्याच गोष्टी, वरच्या पैजेसकट, आणखी काही शतकांनी तयार झालेल्या तालमुदमध्ये आहेत.

छपरावरचा विद्यार्थी

यरुशलेममध्ये तेव्हा शमाया आणि अवताल्योन हे दोन मोठे गुरू. शिकायला त्यांच्या अभ्यासगृहात जायचे तर दारावरच्या माणसाला पैसे द्यावे लागत. हिलेल मजुरी करत. दिवसाची कमाई अर्धा दिनार. त्यातला निम्मा वाटा दाराशी, निम्मा घरखर्चाला.

एका दिवशी काम मिळाले नाही. शिशिरातला शुक्रवार होता. द्वारपालाने आत सोडले नाही. हिलेल सरळ छपरावर चढले आणि झरोक्याला कान लावून बसले. आत पाठ चालू, वर बर्फ पडायला लागला. हिलेल हलले नाहीत.

सकाळी शमायांनी अवताल्योनना विचारले, रोज ही खोली उजळलेली असते, आज अंधार कसा? आभाळ आले आहे की काय? वर बघतात तर झरोक्यात माणसाची आकृती. माणूस तीन हात बर्फाखाली होता! गुरूंनी हिलेलना खाली आणले, गरम पाण्याने आंघोळ घातली, तेल लावले आणि विस्तवाजवळ बसवले. तो दिवस शब्बाथचा. एरवी हे सगळे निषिद्ध. पण या माणसासाठी शब्बाथ मोडला तरी योग्यच, असा निर्वाळा दोघा गुरूंनी दिला.

तालमुदने या गोष्टीतून गरिबांसाठी धडा काढला: शिकायला सवड नव्हती, पैसे नव्हते, असे कोणी म्हणाला तर त्याला विचारायचे, तू हिलेलपेक्षा गरीब होतास का? मला मात्र दारावरच्या त्या माणसाचा विचार सुटत नाही. शिकू पाहणाऱ्याला नाण्याअभावी बाहेर ठेवणारे दार आणि त्याच घराच्या छपरावर गोठलेला पुढचा सर्वांत मोठा गुरू. हे दोन्ही त्या एकाच गोष्टीत आहे.

मेंढराच्या लोकरीत सुरी

यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी मंदिरात कोकराचा बळी द्यायचा. एका वर्षी तो दिवस नेमका शनिवारी आला. शब्बाथला बळी देता येतो का? त्या वेळचे पुढारी होते बेथेराचे वंशज, आणि त्यांना नियम आठवेना. कोणीतरी सांगितले, बाबिलोनहून आलेला एक जण आहे, शमाया-अवताल्योनच्या हाताखाली शिकलेला. हिलेलना बोलावले. रोजचा बळी आणि वल्हांडणाचा बळी या दोन्हींसाठी धर्मग्रंथात ‘नेमल्या वेळी’ हा एकच शब्द आला आहे. रोजचा बळी शनिवारीही थांबत नाही, तर हाही थांबत नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. सभेने तिथल्या तिथे त्यांना प्रमुखपदी बसवले.

आणि गादीवर बसताच हिलेलच्या तोंडून टोमणा गेला. बाबिलोनमधून मला येऊन तुमचा प्रमुख व्हावे लागले, ते का? तुमचा आळस! दोन महान गुरू गावात असताना तुम्ही त्यांच्यापाशी शिकला नाहीत.

पाठोपाठ प्रश्न आला: शुक्रवारी सुरी न्यायला विसरलो तर शनिवारी काय करायचे? हिलेल गप्प. नियम ऐकला होता, पण आठवेना! त्यांनी एवढेच सांगितले की लोकांवर सोडा, त्यांना उपजत कळते. दुसऱ्या दिवशी लोक आले. कोकरू आणणाऱ्याने सुरी कोकराच्या लोकरीत खोचली होती, करडू आणणाऱ्याने शिंगांमध्ये. सुरी माणसाने उचललीच नव्हती. ते पाहून हिलेलना आठवले, अरे, शमाया आणि अवताल्योननी हेच शिकवले होते.

ज्ञानी माणूस गर्वाने बोलला तर ज्ञान त्याला सोडून जाते, याचा दाखला म्हणून तालमुद ही गोष्ट सांगते. ज्याच्या सौम्यपणाच्या कथा पानोपानी आहेत, त्याची ही चूकही ग्रंथाने जशीच्या तशी जपली, याचे मला फार अप्रूप आहे. आणि त्यांना सोडवले ते सभेतल्या पंडितांनी नाही, करडे घेऊन आलेल्या साध्या लोकांनी.

एका पायावर

मराठीत ‘एका पायावर तयार’ म्हणजे अगदी उतावळा. यरुशलेममध्ये खरोखरच असा एक उतावळा आला. तो यहुदी नव्हता. आधी गेला शम्मायकडे. शम्माय हे हिलेलच्या जोडीचे मोठे पंडित, शिस्तीचे आणि कडक. या उतावळ्याची अट होती, मी एका पायावर उभा आहे तोवर सगळा तोरा, म्हणजे यहुदी धर्मग्रंथ, शिकवा, मग तुमचा धर्म घेतो. शम्मायच्या हातात बांधकामाची मापाची काठी होती. तिनेच त्यांनी त्याला ढकलून लावले.

तोच माणूस हिलेलकडे गेला. हिलेलनी त्याला शिकवले ते इतकेच, की जे आपल्याला नकोसे वाटते ते दुसऱ्याच्या वाट्याला घालू नये. तोराचे मर्म यातच आहे, उरलेले याचे भाष्य. आणि मग ते भाष्य शिकायला जा, असेही सांगितले.

जगभर ही गोष्ट सांगताना शेवटचा तुकडा गाळतात. पण तोच तर शिक्षकाचा हात आहे! दोन पाय जमिनीवर टेकून वर्षानुवर्षे शिकायला त्यांनी त्याला धाडले.

असे आणखी दोघे आले होते. एक म्हणाला, लेखी तोरा मानतो, पण गुरुमुखातून येणारी मौखिक परंपरा मला नको. हिलेलनी त्याला पहिल्या दिवशी मुळाक्षरे शिकवली: आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ. दुसऱ्या दिवशी तीच उलटी सांगितली. तो गोंधळला, काल तर वेगळे सांगितले होते! अक्षर कोणते हे माझ्या शब्दावर मानलेस ना, मग परंपराही तशीच असते, हे हिलेलनी त्याच्या गळी उतरवले. लिहिलेले वाचायलासुद्धा आधी कोणावर तरी विश्वास टाकावा लागतो, हे याहून कमी शब्दांत कोणी सांगितल्याचे मला माहीत नाही.

तिसऱ्याने प्रमुख याजकाच्या भरजरी पोशाखाचे वर्णन ऐकले होते. मला तोच करा, तर यहुदी होतो. हिलेलनी ‘नाही’ म्हटलेच नाही. राजदरबारात जायचे तर आधी रीतभात शिकतात, तू शीक, म्हणाले. शिकता शिकता तो त्या वचनापाशी आला जिथे याजकांव्यतिरिक्त जवळ जाणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. हे कोणाला लागू? दाविद राजालासुद्धा, असे उत्तर मिळाले. मग आपण कोण, हे त्याचे त्यालाच कळले. पुढे हे तिघे एकत्र भेटले तेव्हा हिलेलच्या सौम्यपणाने आपल्याला आत घेतले, यावर त्यांचे एकमत झाले.

शम्मायवर अन्याय नको. प्रत्येकाचे हसतमुखाने स्वागत करावे, ही शिकवण मिश्नामध्ये शम्मायच्याच नावावर आहे.

आंघोळीला निघालो, पुण्य करायला निघालो

शिष्यांनी एकदा विचारले, गुरुजी, कुठे निघालात? हिलेल म्हणाले, धर्मकार्याला. कोणते? स्नानगृहात आंघोळ करणार आहे. शिष्य बुचकळ्यात पडले. हिलेलनी रोमन काळातला रोजचा दाखला दिला. नाट्यगृहांत राजांचे पुतळे असतात. ते घासायला-धुवायला माणूस नेमतात, त्याला पगार देतात, मान देतात. आपण तर देवाच्या प्रतिमेत घडलेलो. मग हे शरीर स्वच्छ ठेवणे हे धर्मकार्य नाही तर काय?

दुसरा किस्सा धावण्याचा. चांगल्या घरातला एक माणूस दरिद्री झाला होता. हिलेलनी त्याला बसायला घोडा दिला आणि पुढे धावायला सेवक दिला, कारण त्याला तशीच सवय होती. एकदा सेवक मिळाला नाही. हिलेल स्वतः त्याच्या घोड्यापुढे तीन मैल धावले, रोमन मापाचे मैल धरले तर आजचे चार-साडेचार किलोमीटर. दानाबद्दल यहुदी परंपरेत आजही या किस्स्यावर वाद रंगतो: गरजूला पोटापुरते द्यायचे की त्याचा गेलेला मानही परत द्यायचा? हिलेलचे उत्तर त्यांच्या पायांनी दिले.

आणि त्यांची बायको! तिचे नाव ग्रंथांनी ठेवले नाही, ही खंतच आहे. पाहुण्यांसाठी स्वयंपाक तयार होता. दारात एक गरीब आला, आज माझे लग्न आहे आणि घरात काही नाही, म्हणाला. बाईंनी सगळे जेवण उचलून त्याला दिले आणि पुन्हा कणीक मळायला घेतली. पानावर पाहुणे ताटकळले. ताट आले तेव्हा हिलेलनी उशीर का झाला ते विचारले, कारण ऐकले आणि सांगितले की मी मनात तुझ्याबद्दल चांगलेच धरून होतो.

कर्जमाफी, लपलेला खरेदीदार आणि उसनी भाकरी

आता खरे हिलेल. गोष्टींतले हिलेल गोड आहेतच, पण बाजारात आणि कचेरीत काम करणारे हिलेल मला त्याहून मोठे वाटतात.

तोराचा नियम असा की दर सातव्या वर्षी कर्जे माफ. हेतू उदात्त. गरीब कायमचा सावकाराच्या दारात बांधलेला राहू नये. घडले उलटे. सातवे वर्ष जवळ आले की पैसेवाले हात आखडता घेत. गरिबाला बी-बियाण्यापुरतेही कर्ज मिळेना. ज्याच्यासाठी नियम तोच उपाशी. हिलेलनी नियमाला हात लावला नाही, एक दस्त तयार केला. त्याचे नाव प्रोझबुल, ग्रीकवरून आलेला शब्द. कर्ज देणाऱ्याने न्यायाधीशांसमोर लिहून द्यायचे की माझी येणी मी न्यायालयाच्या स्वाधीन करतो. माफी माणसामाणसांतल्या कर्जाला. न्यायालयाकडे सोपवलेले येणे माफ होत नाही. पैसेवाल्याला भरवसा आला आणि गरिबाला दार उघडले. अलीकडचे सातवे वर्ष २०२१-२२ मध्ये येऊन गेले, तेव्हाही धार्मिक यहुदी मंडळींनी प्रोझबुलवर सह्या केल्या. दोन हजार वर्षे चालू असलेला दस्त!

दुसरी अडचण घरांची. तटबंदीच्या गावात कोणी घर विकले तर त्याला ते वर्षभरात पैसे परत देऊन सोडवता येई. वर्ष उलटले की घर कायमचे खरेदीदाराचे. मग खरेदीदार काय करत? शेवटच्या दिवशी दडून बसत! विक्रेता पैसे घेऊन गावभर फिरतोय, घेणारा सापडत नाही. सूर्य मावळला, घर गेले. हिलेलनी फर्मान काढले: विक्रेत्याने पैसे मंदिराच्या खजिन्यात जमा करावेत, दार फोडावे आणि आपल्या घरात शिरावे. खरेदीदार उगवेल तेव्हा खजिन्यातून पैसे नेईल. जमिनीच्या व्यवहारात ताटकळलेल्या प्रत्येकाने हे वाचून एकदा तरी मान डोलवावी.

तिसरी गोष्ट आलेक्झांड्रियाची. तिथे मुलीचा वाङ्‌निश्चय व्हायचा आणि लग्नाच्या वेळी दुसराच कोणी तिला पळवून न्यायचा. यहुदी कायद्यात वाङ्‌निश्चय आपल्या साखरपुड्यासारखा सैल नाही. तो झाला की बाई बांधली गेली, सुटायला घटस्फोटच लागतो. मग या पळवून नेलेल्या बायकांची मुले अनौरस ठरवायची, असे पंडितांच्या मनात आले. हिलेलनी त्या मुलांना सांगितले, तुमच्या आयांचे लग्नकरार घेऊन या. करार उघडले. त्यात लिहिले होते की मांडवाखाली येशील तेव्हा माझी पत्नी होशील. तेव्हा! म्हणजे त्याआधी बंधन लागलेच नव्हते. मुले सुटली. साध्या लोकांनी आपल्या भाषेत लिहिलेला कागद त्यांनी धर्मशास्त्राच्या बारकाईने वाचला आणि एका पिढीच्या कपाळावरचा डाग पुसला. हिलेलची एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

हे वाचून हिलेल नेहमी ढिलेच होते असे वाटेल, म्हणून चौथी गोष्ट भाकरीची. शेजारणीने शेजारणीकडून भाकरी उसनी घेतली, तर हिलेल म्हणत, आधी तिची किंमत ठरवा. का? परत करेपर्यंत गहू महागला तर जास्त किमतीची भाकरी परत जाईल आणि ते व्याज होईल. व्याज निषिद्ध. इथे इतर पंडितांनी हिलेलचे ऐकले नाही. शेजारणींनी मोजदाद न करता उसने द्यावे-घ्यावे, असा निर्णय झाला. वाटीभर साखर मागायला शेजारी गेलेल्या कोणालाही तो पटेल.

गाढवाचे भाडे

शंभर वेळा पाठ घोकणारा आणि एकशे एक वेळा घोकणारा यांत फरक काय? हिलेल म्हणत, फार मोठा. एका फेरीसाठी? गाढववाल्यांच्या बाजारात जाऊन पाहा: दहा पर्सांच्या अंतराला भाडे एक झूझ, अकराव्याला गेलात की दोन.

घराणे विरुद्ध घराणे

हिंदुस्थानी संगीतात घराणे रक्ताचे नसते, गायकीचे असते. यहुदी विद्येतही तसेच घडले. ‘बेथ हिलेल’ आणि ‘बेथ शम्माय’ म्हणजे हिलेलचे घराणे आणि शम्मायचे घराणे. गुरू दोघे प्रत्यक्ष भांडले ते मोजक्या तीन-चार मुद्द्यांवर. शिष्यांच्या पिढ्यांनी मतभेद तीनशेच्या पुढे नेले.

त्यातला सर्वांत लाडका वाद नवरीचा. वरातीत नवरीपुढे नाचताना काय म्हणायचे? शम्माय घराणे म्हणाले, जशी असेल तशीच सांगा, खोटे बोलू नका. हिलेल घराणे म्हणाले, प्रत्येक नवरी सुंदर आणि गोजिरी. शम्मायवाल्यांनी पेच टाकला, ती लंगडी किंवा आंधळी असली तरी? हिलेलवाल्यांनी उलट विचारले, कोणी बाजारातून वस्तू घेऊन आला, सौदा झाला, आता त्याच्यापुढे ती वाखाणाल की नावे ठेवाल? यहुदी लग्नांत आजही नवरीला सुंदर म्हणणारेच शब्द गातात.

सगळ्यांत लांबलेला वाद माणसाच्या जन्माचा: माणूस निर्माण झाला ते बरे की झालाच नसता तर बरे? अडीच वर्षे! शेवटी मते मोजली. न होता तर बरे, पण आता झालाच आहे तर त्याने आपली कृत्ये तपासावीत, असे ठरले.

इतके भांडूनही त्यांच्यात एक गोष्ट शाबूत राहिली. कोणते लग्न ग्राह्य, कोणते नाही, यावर दोन्ही घराण्यांचे गंभीर मतभेद होते. तरी त्यांनी एकमेकांत सोयरिकी करणे सोडले नाही. शुद्ध-अशुद्ध भांड्यांवर वाद होता, तरी एकमेकांची भांडी वापरली. आपल्याकडे रोटीबेटी व्यवहार तुटायला किती कमी कारण पुरते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या दोन वाक्यांचे वजन कळेल. मिश्नाने ही नोंद मुद्दाम करून ठेवली आहे.

आणि हार मानण्याची दानत! परदेशातून आलेली बाई सांगते, माझा नवरा वारला. तिच्या एकटीच्या शब्दावर तिला पुन्हा लग्न करू द्यायचे का? हिलेल घराण्याने आधी हात आखडता घेतला, शम्माय घराण्याने विश्वास ठेवा म्हटले. हिलेलवाल्यांनी ऐकले, पटले आणि आपले मत सोडून ते शम्मायवाल्यांप्रमाणे शिकवू लागले. कडकपणाची आणि सौम्यपणाची पाटी कायमची कोणाच्याच दारावर नव्हती.

तीन वर्षे दोन्हीकडचे म्हणत राहिले, आमचेच बरोबर. तालमुद सांगते, तेव्हा आकाशवाणी झाली: दोन्ही मते जिवंत देवाचीच आहेत, पण चालवायचे हिलेल घराण्याप्रमाणे. मग प्रश्न आला, दोन्ही खरी तर एकालाच मान का? कारण दिले आहे ते असे: हिलेलवाले सौम्य होते, सोशिक होते. आणि ते स्वतःच्या मताबरोबर शम्मायवाल्यांचे मतही शिकवत, तेही आपल्या आधी.

युक्तिवाद धारदार होता म्हणून ते जिंकले, असे तालमुद म्हणत नाही.

दिवे वाढवायचे की घटवायचे?

हनुक्का हा यहुद्यांचा दिव्यांचा सण आठ रात्रींचा. शम्माय घराणे म्हणाले, पहिल्या रात्री आठ दिवे, मग रोज एक कमी. हिलेल घराणे म्हणाले, पहिल्या रात्री एक, मग रोज एक जास्त, कारण पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. आज ठाण्याच्या, पुण्याच्या, मुंबईच्या यहुदी घरांत पहिल्या रात्री एकच ज्योत पेटते ती या घराण्यामुळे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता असे सांगतात, पण पुढे तो आला तो याच हिशेबाने आला.

नाव कुठे कुठे पोचले

बायबलच्या नव्या करारात पौलाचा गुरू म्हणून येणारे गमलिएल परंपरेप्रमाणे हिलेलचे नातू. यहुदी पंचांग ठरावीक गणितावर बसवण्याचे श्रेय परंपरा ज्या दुसऱ्या हिलेलना देते, तेही याच वंशातले. आपले आपण पाहायचे, पण केवळ आपलेच पाहायचे नाही आणि ते आत्ताच करायचे, असा आशय असलेले हिलेलचे तीन प्रश्न प्रसिद्ध आहेत. त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे नाव इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांनी आपल्या १९८२ च्या कादंबरीला दिले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९२३ मध्ये यहुदी विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या संस्थेचे नावच हिलेल. इस्रायलच्या संसदेजवळच्या भव्य सप्तदीपावर हिलेलचे शिल्प आहे.

हिलेलचे शिष्य ऐंशी. त्यातले सर्वांत लहान गणले गेले ते योहानान बेन झक्काय. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर जाळले, तेव्हा याच ‘लहान’ शिष्याने याव्ने गावी विद्यापीठ उभे केले आणि मंदिराविना धर्म कसा जगवायचा ते दाखवले.

आणि हो, सँडविच

वल्हांडणाच्या रात्री बेखमीर भाकर आणि कडू भाजी खायची. हिलेल ती वेगवेगळी खात नसत. मंदिर उभे होते त्या काळी ते बळीचे मांस, बेखमीर भाकर आणि कडू भाजी एकत्र घेऊन खात. इंग्लंडच्या सँडविचच्या सरदाराला अजून सतराशे वर्षे अवकाश होता! आता बळी नाही, पण जगभर वल्हांडणाच्या जेवणात हा घास असतोच. त्याला कोरेख म्हणतात आणि तो खाताना हिलेल असे करत असत, हे आठवणीने म्हटले जाते.

त्या रात्री वाचायच्या पोथीला हगादा म्हणतात. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली. पुण्यात १८७४ मध्ये निघालेल्या हगादेतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकऱ्या करताना दिसतात.